निवाऱ्यातून घरात: गावठी कुत्र्याचे पहिले तीन महिने

निवाऱ्यात शेपटी हलवत अंगावर येणारा कुत्रा घरी आणला की पुष्कळदा सोफ्यामागे जाऊन बसतो. जेवणाला तोंड लावत नाही, संध्याकाळ झाली तरी शू करत नाही, हाक मारली तर मान दुसरीकडे वळवतो. घरातल्यांना वाटतं, याला आपण आवडलो नाही. नाहीतर संस्थेने आजारी कुत्रा आपल्या गळ्यात मारला. बहुतेक वेळा दोन्हीतलं काहीच नसतं. जागा अनोळखी, माणसं अनोळखी, तेव्हा आधी हालचाल थांबवायची आणि बघत राहायचं, असं तो त्याच्या परीने शहाणपणानेच वागत असतो.

रस्त्यावरून उचललेला, संस्थेच्या निवाऱ्यात बरा झालेला आणि आता शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला येणारा मोठा गावठी कुत्रा डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. पिल्लू लवकर रुळतं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं, आणि त्या वयात जे दिसतं ते पुढे आयुष्यभर ओळखीचं वाटतं. मोठ्या कुत्र्याची ती खिडकी कधीच मिटलेली असते. त्याला शिकता येतं, पण त्याच्या वेगाने.

रस्त्यावरचं गणित

गावठी कुत्रा माणसांच्या सोबतीने वाढतो, पण माणसांच्या हातात वाढत नाही. टपरीवरचा एक जण बिस्किट टाकतो, दुसरा लाथ घालतो, आणि कोण काय करणार हे त्याला लांबूनच ओळखावं लागतं. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी अशा कुत्र्यांचा बरीच वर्षं अभ्यास करत आहेत. त्यांच्या गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३६४ पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के पिल्लं वयात येईपर्यंत जगली, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पिल्लांच्या मरणाला माणूस कारण होता. यातून जो मोठा होतो, तो अंतर राखायला शिकलेलाच असतो. भीती वाटली की दोन पावलं मागे सरकायचं, गाडीखाली शिरायचं, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जायचं, ही त्याची संरक्षणाची पद्धत.

फ्लॅटचं दार बंद झालं की नेमकी हीच सोय त्याच्याकडून जाते. मऊ अंथरूण आणि दोन वेळचं अन्न मिळालं हे कळायला त्याला दिवस लागतात. पळायला वाट उरली नाही हे पहिल्या मिनिटात कळतं. म्हणून पुढच्या सगळ्या सूचना दोनच गोष्टींवर उभ्या आहेत. घराच्या आत त्याला त्याचं अंतर परत द्यायचं, आणि आता काय होणार याचा अंदाज बांधता येईल असा दिवस द्यायचा.

ताण फक्त मनात राहत नाही, रक्तातही दिसतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एका निवाऱ्यातल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं. नुकत्याच आलेल्या, पहिल्या तीन दिवसांतल्या कुत्र्यांमध्ये त्याचं प्रमाण घरात राहणाऱ्या कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त होतं; निवाऱ्यात जास्त दिवस काढलेल्या कुत्र्यांमध्ये ते कमी दिसलं. म्हणजे ओळखीची झालेली जागा, ती कितीही साधी असली तरी, शरीराला शांत करते. तुमच्या घरी येताना कुत्रा तीच ओळखीची जागा सोडून येत असतो.

प्राणिसंस्थांमध्ये यासाठी ‘तीन-तीन-तीन’चा ठोकताळा सांगतात: तीन दिवस बावरलेले, तीन आठवडे घराची रीत समजून घेण्याचे, तीन महिने खरोखर आपलंसं वाटायला. हा नियम प्रयोगशाळेतून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. घाबरट कुत्र्याला यापेक्षा दुप्पट वेळ लागू शकतो. पण घाई कुठे करू नये हे लक्षात ठेवायला तो चांगला आहे.

आणण्याआधी

गल्लीत सुखाने राहणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला घर हवंच असतं असं नाही. नसबंदी आणि लसीकरण झालेला, कानाला ओळखीची खाच असलेला मोठा कुत्रा आपल्या जागेत स्थिरावलेला असतो, आणि ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३’ प्रमाणे शस्त्रक्रियेनंतर त्याला मूळ जागीच परत सोडायचं असतं. घराची गरज असते ती अपघातात पाय गेलेल्याला, दिसत नसलेल्याला, कुणीतरी पाळून सोडून दिलेल्याला, माणसांच्या अंगाखांद्यावर राहायला आवडणाऱ्याला. संस्थेतले लोक हा फरक रोज बघतात. तुम्ही फोटोवरून निवडण्यापेक्षा आपली दिनचर्या त्यांना सांगा आणि कोणता कुत्रा जमेल ते त्यांना विचारा.

त्याच भेटीत आणखी काही विचारून घ्या. तो निवाऱ्यात किती दिवस आहे? कोणते आजार झाले, कोणत्या लसी कधी दिल्या, नसबंदी झाली का? लहान मुलं, मांजर, दुसरे कुत्रे यांच्याशी कसा वागतो? एकटा राहतो का? पुरुषांना, काठीला, हेल्मेटला घाबरतो का? सध्या काय आणि किती वाजता खातो? निघताना त्याच्या अंथरुणाचा एखादा तुकडा मागून घ्या. धुवायचा नाही. नव्या घरात ओळखीचा वास तेवढाच असणार आहे.

सोसायटीत कुरबूर होणार असेल तर ती कुत्रा येण्याआधीच मिटवावी. कुत्रा पाळायला सरसकट बंदी घालण्याचा किंवा लिफ्ट वापरू न देण्याचा अधिकार सोसायटीला नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. उलट बाजूने आपलीही कर्तव्यं आहेत: शी उचलायची, सामाईक जागेत पट्टा हातात ठेवायचा, रेबीजच्या लशीचा दाखला जोडून महापालिकेचा परवाना काढायचा. शेजाऱ्यांना आणि वॉचमनना आधीच सांगून ठेवा की नवा कुत्रा घाबरलेला असेल, काही आठवडे त्याला कुणी हात लावायला जाऊ नये.

घरात त्याच्यासाठी एक कोपरा ठरवा. येण्याजाण्याच्या वाटेवर नको, टीव्हीसमोर नको, बाल्कनीत तर अजिबात नको. भिंतीला टेकलेल्या टेबलाखाली जुनी चादर सोडून आडोसा केला तरी पुरतो. तीन बाजू बंद आणि एक उघडी असावी. त्या कोपऱ्याचा नियम एकच: तो तिथे असताना कुणीही त्याच्याजवळ जायचं नाही. अंतर परत द्यायची सुरुवात इथून होते. शहरी घरात हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे फरशी. माती-डांबरावर वाढलेल्या कुत्र्याचे पाय गुळगुळीत टाइल्सवर सरकतात आणि तो जागच्या जागी गोठतो. कोपऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत सतरंज्या किंवा रबरी मॅट टाका. बाल्कनीला जाळी नसेल तर दार बंदच ठेवा. घाबरलेला कुत्रा कठड्यावरून उडी मारतो.

आणण्याचा दिवस

लागून दोन-तीन दिवस घरी राहता येईल अशी वेळ निवडा आणि सकाळीच आणा, म्हणजे अंधार पडेपर्यंत त्याला घर बघायला वेळ मिळतो. गाडीत उलटी होऊ नये म्हणून निघण्याआधी भरपेट खायला घालू नका.

पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यांत मोठा धोका असतो तो कुत्रा निसटण्याचा. घाबरला की तो मागे खेचतो, साधा पट्टा मानेवरून सरकतो, आणि अनोळखी भागात त्याला परतीची वाट ठाऊक नसते. म्हणून अंगाला नीट बसणारा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा, दोन्हीला वेगवेगळी दोरी, असं काही आठवडे चालवा. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला निवाऱ्यातून निघतानाच घाला. त्वचेखाली मायक्रोचिप बसवून घेता आली तर आणखी चांगलं. घराचं दार उघडण्याआधी तो कुठे आहे हे बघण्याची सवय सगळ्यांना लागली पाहिजे. दूधवाला, कुरिअरवाला, कामाला येणाऱ्या मावशी यांच्यामुळे दिवसातून दहा वेळा दार उघडतं.

इमारतीशी आल्यावर थेट वर नेऊ नका. आवारातल्या मातीच्या जागेत दहा-पंधरा मिनिटं हुंगू द्या. शू झाली तर उत्तमच. लिफ्टचं दार सरकताना आणि जमीन हलताना तो बिथरू शकतो, म्हणून शक्य असेल तर पहिल्या दिवशी जिना. घरात आल्यावर पाणी कुठे, कोपरा कुठे एवढं दाखवून दोरी सोडा. अंघोळ, फोटो, पाहुणे, नाव ठेवण्याचा समारंभ यातलं काहीही त्या दिवशी नको.

पहिले तीन दिवस

या दिवसांतलं सर्वांत अवघड काम म्हणजे काही न करणं. घरातल्यांनी आपापली कामं करावीत, जवळून जाताना त्याच्याकडे रोखून बघू नये, त्याला कोपऱ्यातून ओढून काढू नये. बसायचंच असेल तर थोडं लांब, त्याच्याकडे बाजू करून जमिनीवर बसा आणि पुस्तक वाचा. तो स्वतःहून आला तर हुंगू द्या. हात पुढे करू नका. मोठा कुत्रा एरवीही दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो. निवाऱ्याच्या गोंगाटातून आलेला आणखी झोपेल. झोपू द्या.

तो बोलत नसला तरी सांगत असतो. काही खाल्लेलं नसताना ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान वळवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, अंग ताठ होणं, शेपटी पोटाखाली जाणं: या सगळ्यांचा अर्थ ‘थोडं लांब व्हा’ असा आहे. नॉर्वेच्या प्रशिक्षक तुरीद रुगोस यांच्या लिखाणामुळे यातले पुष्कळ बारीक इशारे जगभरच्या कुत्रेवाल्यांच्या परिचयाचे झाले. हे इशारे पाळले की त्याला कळतं, इथे हळू सांगितलं तरी ऐकलं जातं. दुर्लक्ष झालं तर तो गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल कधीही रागावू नका. मार खाऊन गुरगुरणं बंद होतं, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना तीन नियम पाठ करायला लावा: झोपलेल्या किंवा जेवणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही, त्याला मिठी मारायची नाही, तो उठून गेला तर मागे जायचं नाही. मोठं माणूस खोलीत नसताना मूल आणि नवा कुत्रा यांना एकत्र सोडायचं नाही.

एखादा दिवस न जेवणं हे निरोगी मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत चालतं. ताटली ठेवून निघून जा, वीस-पंचवीस मिनिटांनी उचला, पुढच्या वेळी पुन्हा ठेवा. रात्री सगळे झोपल्यावर तो हमखास खातो. मात्र दोन दिवस अन्न नाही, दिवसभर पाणी नाही, सारख्या उलट्या, रक्ताची शी, पांढुरक्या हिरड्या किंवा उठता न येणं यांपैकी काही दिसलं तर तो ताण समजून थांबू नका, पशुवैद्याकडे न्या. पिल्लू असेल तर अर्धा दिवससुद्धा वाट बघू नये.

ताटली

निवाऱ्यात जे खात होता तेच आधी चालू ठेवा. बदल करायचा असेल तर आठवडाभरात, जुनं थोडं कमी, नवं थोडं जास्त असं करत. एकदम बदललं की जुलाब होतात आणि ते घराच्या ताणामुळे की अन्नामुळे हे कळत नाही. घरचं अन्न द्यायचं तर अळणी उकडलेलं चिकन किंवा अंडं, भात, लाल भोपळा किंवा गाजर असं साधं ठेवा आणि कायमच्या आहाराचं प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्या. पोळी-दूध हा आपल्याकडचा ठरलेला खाऊ, पण मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही. दही त्यापेक्षा बरं. रस्त्यावर बिस्किटांवर वाढलेला कुत्रा बिस्किटच मागतो. त्यात पीठ आणि साखर यापलीकडे फारसं काही नसतं.

कांदा-लसूण घातलेली आमटी किंवा रस्सा, मनुका आणि द्राक्षं, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगमातलं झायलिटॉल हे कुत्र्याला विषारी आहे. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात, तीही नकोत. माणसांच्या ताप-अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका.

शी-शू

याबाबतीत गावठी कुत्रा बऱ्याचदा घरच्यांना सुखद धक्का देतो. जिथे झोपतो तिथे घाण न करण्याची त्याची सवय पक्की असते आणि पायाखाली माती किंवा गवत लागल्याशिवाय त्याला मोकळं वाटत नाही. अडचण होते ती याच्या उलट: घाबरल्यामुळे तो बाहेरही करत नाही आणि तासन् तास धरून ठेवतो. अशा वेळी रहदारी नसलेली वेळ, म्हणजे पहाट किंवा रात्री उशिरा, आणि रोज तीच एक जागा ठेवा. दोरी लांब सोडा, दुसरीकडे बघत उभे राहा. काम झालं की त्या क्षणी, तिथेच, चिकनचा तुकडा द्या. घरी येऊन दिलेलं बक्षीस कशाबद्दल होतं हे त्याला कळत नाही. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर आणि झोपण्याआधी बाहेर न्यायचं हा क्रम ठेवला की काही आठवड्यांत तो दाराशी जाऊन उभा राहायला लागतो.

घरात झालीच तर न बोलता पुसा. त्यात नाक घासणं किंवा ओरडणं यातून तो एवढंच शिकतो की माणसांसमोर शू करणं धोक्याचं असतं, मग बाहेरही तो तुमच्यासमोर करत नाही. वास राहिला तर तो त्याच जागी परत जातो, म्हणून दुकानात मिळणारा एन्झाइमयुक्त क्लीनर वापरा. अमोनिया असलेली द्रावणं टाळा. त्यांचा वास लघवीच्या वासाशी मिळताजुळता असतो.

पहिले तीन आठवडे: दवाखाना

निवाऱ्यातून कागदपत्रं मिळाली असली तरी आठवडाभरात, तो जरा सावरल्यावर, स्वतःच्या पशुवैद्याकडून तपासून घ्या. आपल्या हवेत गोचिडांमुळे होणारा ताप वर्षभर आढळतो. एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू तपकिरी गोचिडांमार्फत कुत्र्याच्या रक्तात जातात. भूक मंदावणं, सुस्ती, ताप, नाकातून रक्त ही लक्षणं. पण बाहेरून ठीक दिसणाऱ्या कुत्र्यातही तो दबा धरून असू शकतो, म्हणून प्लेटलेट्ससह रक्ततपासणी करून घ्यावी. ‘नवीन घरामुळे उदास आहे’ असं म्हणत ज्याच्याकडे दुर्लक्ष होतं, ते पुष्कळदा हेच दुखणं निघतं. गोचीड अंडी घालते ती कुत्र्याच्या अंगावर घालत नाही, भिंतीच्या फटीत आणि अंथरुणाखाली घालते, तेही हजारोंनी. त्यामुळे कुत्र्याला औषध आणि घराची सफाई एकाच वेळी करावी लागते.

जंताचं औषध, रेबीजची लस, डिस्टेंपर-पार्व्हो यांसाठीची एकत्रित लस आणि नसबंदी यांचं वेळापत्रक त्याच भेटीत लिहून घ्या. कुत्रा लस घेतलेला असला तरी दात लागून कुणाची कातडी फुटली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. यात सूट नाही.

कुकरची शिट्टी

आता घराची ओळख करून द्यायची वेळ येते. मराठी घरात कुत्र्याला घाबरवणाऱ्या आवाजांची रांग मोठी असते: कुकर, मिक्सर, दाराची बेल, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग, आणि भाद्रपदात ढोल-ताशा. यातला एक आवाज घेऊन सवय कशी लावायची ते पाहू. बाकीच्यांना तीच पद्धत लागू पडते.

पाव्हलोव्हच्या कुत्र्यांना घंटा वाजली की अन्न येतं हे कळलं आणि घंटेच्या आवाजानेच तोंडाला पाणी सुटू लागलं. इथेही तेच करायचं आहे. शिट्टीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. कुत्रा दुसऱ्या खोलीत असताना तो इतका हळू लावा की त्याचा कान हलेल, पण तो उठणार नाही. आवाज आला की लगेच चिकनचा बारीक तुकडा त्याच्यापुढे टाका. पुन्हा आवाज, पुन्हा तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मग खाऊ. उलट केलं तर खाऊ दिसला की आता भीतीदायक काहीतरी होणार असं तो शिकतो आणि खाऊच नाकारायला लागतो. चार-पाच वेळा करून थांबा. रोज आवाज किंचित वाढवा. त्याने खाणं थांबवलं किंवा तो लांब गेला, तर तुम्ही एक पायरी जास्त चढलात, खाली या. या काळात खरा कुकर लावताना त्याला सर्वांत लांबच्या खोलीत दार लोटून ठेवा.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते हा समज चुकीचा आहे. भीती ही भावना आहे, लबाडी नव्हे; धीर दिल्याने ती पक्की होत नाही. तो जवळ येऊन चिकटला तर बसू द्या. फक्त त्याला आवाजाच्या दिशेने ओढू नका. फटाक्यांची भीती मात्र पुष्कळ कुत्र्यांत एवढ्या सरावाने आवरत नाही. पहिली दिवाळी येण्याआधी महिनाभर पशुवैद्यांशी बोला, भीती कमी करणारी औषधं असतात. त्या दिवसांत फिरवणं फटाके सुरू होण्याआधी उरका आणि दोन दोऱ्यांचा नियम परत आणा.

हात, पट्टा आणि गल्लीतले दादा

तो जवळ येऊन बसू लागला की स्पर्शाला सुरुवात करता येते. अनिंदिता भद्रांच्याच गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी माणसाकडून रस्त्यावरच्या काही कुत्र्यांना खाऊ दिला, काहींना थोपटलं. वारंवार भेटींनंतर थोपटणाऱ्या माणसावर कुत्र्यांनी जास्त विश्वास दाखवला. पण तेही कुत्रे मोकळे होते, नको वाटलं असतं तर निघून जाऊ शकत होते. घरातही तेवढी मोकळीक ठेवा. छातीवर किंवा खांद्यापाशी तीन सेकंद खाजवा आणि हात काढा. तो आणखी टेकला तर पुढे चला. बघत राहिला किंवा सरकला तर पुरे. डोक्यावर वरून हात नेऊ नका. रस्त्यावर वरून येणारा हात बहुधा दगड किंवा काठी घेऊन आलेला असतो.

फिरायला नेताना किती अंतर झालं याला महत्त्व नाही. वीस मिनिटं एका झाडाभोवती हुंगण्यात गेली तरी त्याचा व्यायाम होतो, आणि इथे कोण राहतं, कोण येऊन गेलं ही माहितीही त्याला मिळते. खरी कसोटी असते गल्लीतल्या कुत्र्यांची. त्यांच्या लेखी तुमचा कुत्रा हद्दीत घुसलेला परका आहे. त्यांच्या जेवणाच्या जागा आणि वेळा बघून ठेवा, त्या टाळून रस्ता आखा. त्यांना रोज खायला घालणारी व्यक्ती प्रत्येक भागात असते. तिच्याशी ओळख करा. कोणता कुत्रा नुसता भुंकतो आणि कोणता अंगावर येतो हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. समोरून टोळी आली तर पळू नका. दोघांमध्ये उभी केलेली गाडी ठेवून शांतपणे लांबचा वळसा घ्या.

एकटं राहणं

सुट्टी संपली आणि सगळे अचानक आठ तास गायब झाले, तर दोन आठवड्यांची कमाई एका दिवसात जाते. पहिल्या आठवड्यापासूनच छोट्या छोट्या अनुपस्थिती ठेवा: बाथरूमचं दार लावून आत जाणं, कचरा टाकून येणं, मग पाच मिनिटं खाली. किल्ली उचलून, चप्पल घालून परत बसा, म्हणजे या गोष्टी म्हणजे संकटाची नांदी नव्हे हे त्याला कळतं. जाताना-येताना मोठा निरोप नको. जुन्या मोबाइलचा कॅमेरा सुरू ठेवून बघा: तुम्ही गेल्यावर थोडं कुरकुरून झोपला तर ठीक. लाळ गाळणं, दार ओरबाडणं, न थांबता रडणं चालू राहिलं, तर त्याला एकटं राहण्याची खरी भीती आहे. त्या वेळा कुणीतरी सोबत राहील अशी सोय करा आणि मारझोड न करणाऱ्या प्रशिक्षकाची किंवा पशुवैद्याची मदत घ्या.

तीन महिन्यांनी

दहा-बारा आठवड्यांनी घरचे पुन्हा संस्थेला फोन करतात: ‘इतका गरीब होता, आता बेलवर भुंकतो, उशी फाडतो, ताटलीजवळ गेलं तर गुरगुरतो.’ हे बिघडणं नसतं. सुरुवातीचा शांतपणा भीतीचा होता, आता त्याचा मूळ स्वभाव दिसतो आहे. बेल वाजली की दाराऐवजी त्याच्या अंथरुणावर खाऊ पडतो हे त्याला शिकवता येतं. ताटलीची राखण करत असेल तर ‘कोण मोठा’ हे दाखवायला ती हिसकावू नका. त्याने गल्लीत प्रत्येक घास दुसऱ्यापासून वाचवून खाल्ला आहे, आणि तुम्ही त्याची शंका खरी करता. ज्या अंतरावर तो निवांत जेवतो तिथून एखादा चांगला तुकडा ताटलीत टाकून निघून जा. काही दिवसांनी माणूस येणं म्हणजे भर पडणं हे तो धरून चालतो. सोफ्यावर चालतं की नाही, ताटातलं द्यायचं की नाही, हे आजी-आजोबांसकट सगळ्यांनी एकच ठरवा. एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने ओरडायचं, यात त्याचा अंदाज पुन्हा चुकायला लागतो.

काही वेळा एवढं करूनही जमत नाही. घरातलं मूल घाबरतं, आधीची मांजर जेवण सोडते, कुणाचा दमा वाढतो. तेव्हा वाट न बघता संस्थेला कळवा आणि काय घडलं ते खरं सांगा. त्या माहितीवर त्याला दुसरं घर शोधणं सोपं जातं. चांगल्या संस्था कुत्रा परत घ्यायला तयार असतात. त्याला कुठेतरी लांब नेऊन सोडणं हा मात्र पर्याय नाही. पाळलेला प्राणी उपाशीतापाशी पडेल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

ज्यांना आधीपासूनच खात्री नाही, त्यांनी फॉस्टरपासून, म्हणजे कुत्रा काही दिवसांपुरता घरी ठेवण्यापासून, सुरुवात करावी. अमेरिकेत लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली पाच निवाऱ्यांतल्या कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी माणसांच्या घरी पाठवून पाहिलं. तेवढ्यातही कॉर्टिसॉल उतरलं आणि कुत्रे जास्त सलग झोपले. निवाऱ्यात परतल्यावर ते पुन्हा वाढलं, पण मूळ पातळीच्या वर गेलं नाही. म्हणजे आपण थोडे दिवस ठेवून परत दिला तर त्याचं जास्त नुकसान होईल, या भीतीने मागे राहायचं कारण नाही. जवळच्या संस्थेला फोन करून विचारा की एखादा आठवडा घराची विश्रांती कुणाला सर्वांत जास्त हवी आहे. तो गेला तरी त्याची सवय, भीती, आवड यांची तुमच्याकडची टिपणं पुढच्या घराच्या कामी येतील.